खुकुरीची धार पारखायची कशी: फुगीर, सपाट की खोलगट?

पूर्व नेपाळातल्या भोजपूरहून आणलेली माझी पहिली खुकुरी मी पुण्यात एका धारवाल्याकडे दिली. दहा मिनिटांत परत मिळाली. कागद धरून पाहिला तर सरसर कापला जात होता, त्यामुळे मी खूश. दुसऱ्या दिवशी मुळशीच्या शेतावर वाळलेल्या बाभळीच्या फांदीवर तीन घाव घातले आणि पोटाजवळची, म्हणजे पात्याच्या पुढच्या फुगलेल्या भागाची, धार पत्र्यासारखी दुमडली. उन्हात धरल्यावर कडेला दोन बोटं लांबीचा निळसर पट्टा दिसला. यंत्राच्या चाकावर तापून तिथलं पोलाद मऊ पडलं होतं. त्याहून मोठं नुकसान कळायला मला आणखी वर्ष लागलं. धारेच्या मागे लोहाराने मुद्दाम राखलेला फुगवटा त्या चाकाने खरवडून नेला होता.

हा लेख त्या एका वर्षातून आला आहे. आपण तिला कुकरी म्हणतो, नेपाळीत ती खुकुरी. मी नेपाळी नावच ठेवलं आहे. तुम्ही नवीन असाल, एखादी खुकुरी घेतली असेल किंवा घ्यायच्या विचारात असाल, तर कड किती तीक्ष्ण आहे हे आधी बघू नका. कडेमागे पातं कसं जाड होत जातं, ते बघा. दोन खुकुऱ्यांमधला खरा फरक कडेपासूनच्या पहिल्या 20 मिलिमीटरमध्ये असतो.

हाताशी काय हवं

- सहा इंची स्टीलची पट्टी, कडा सरळ असलेली
- व्हर्नियर कॅलिपर (डिजिटल असेल तर सोयीचा)
- बारीक टोकाचा काळा मार्कर
- 10 पट मोठं दाखवणारं भिंग
- 320, 600 आणि 1000 नंबरचा वॉटर पेपर
- जुना माऊस पॅड आणि झाडूचा किंवा मॉपचा गोल दांडा
- चामड्याचा जुना पट्टा आणि हिरवं पॉलिशिंग कंपाउंड
- मशीनचं तेल, सुती फडकं, वही

सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. धार लावायची महागडी यंत्रं या कामाला लागत नाहीत. उलट त्यांच्यापासून खुकुरी जपावी लागते.

1. आधी पातं वाचायला शिका

खुकुरी म्यानातून काढताना पहिला धडा हाताचा आहे. म्यानाला नेपाळीत दाप म्हणतात. दाप पकडताना बोटं धारेच्या बाजूला वळवून मूठ आवळू नका. म्यान लाकडाच्या दोन फळ्यांचं असतं, वर चामडं ओढलेलं. फळ्यांचा सांधा धारेच्या बाजूलाच येतो, आणि पातं ओढताना तो सांधा चिरून धार बोटांवर उतरू शकते. म्हणून दाप पाठीकडून, तळहात आणि अंगठ्याच्या चिमटीत धरा, आणि पाठीच्या बाजूला टेकवत पातं सावकाश बाहेर घ्या.

आता पातं समोर आडवं ठेवा. मुठीला बिंड म्हणतात. मुठीच्या पुढे धारेत जी छोटी खाच दिसते ती काउडी. तिच्याविषयी बऱ्याच कथा सांगतात, पण धार लावणाऱ्याच्या दृष्टीने ती एक सोयीची खूण आहे: धार इथे संपते, याच्या मागे दगड न्यायचा नाही. काउडीपासून पुढे धार आधी आत वळते, मग पोटाशी बाहेर फुगते आणि शेवटी टोकाकडे वर चढते. म्हणजे एकाच पात्यावर तीन प्रदेश आहेत, आणि चांगला लोहार तिन्ही ठिकाणी कडेमागची जाडी वेगवेगळी ठेवतो. काउडीजवळ पाठ सगळ्यात जाड असते, टोकाकडे ती निमुळती होते.

म्यानात मागच्या बाजूला दोन छोटी पाती असतात. कर्द हा किरकोळ कामाचा चाकू. दुसरी चकमक, तिला धार नसते. गारगोटीवर मारून ठिणगी पाडायला आणि वळलेली धार सरळ करायला ती वापरतात. तिचं काम पुढे येईल.

लोहाराने पातं कसं कडक केलं आहे हेही माहीत हवं. नेपाळात खुकुरी घडवणारे कामी, ज्यांच्यापैकी अनेक जण आज विश्वकर्मा आडनाव लावतात, बहुतेक वेळा ट्रक-जीपच्या कमानपाट्याचं पोलाद वापरतात. पातं लालबुंद तापवून किटलीच्या तोटीतून बारीक धारेने पाणी फक्त कडेवर सोडतात. पाठीवर नाही. आपला लोहार विळ्याला पाणी देतो, तसंच. नेपाळीत याला पाइन म्हणतात. यामुळे कड कडक होते आणि पाठ चिवट राहते, घाव झेलते. किटलीचं पाणी मुख्यतः पोटावर पडतं, म्हणून काउडीजवळचा आणि टोकाचा भाग बऱ्याचदा तितका कडक नसतो. भोजपूरच्या कामीदाइंनी (दाइ म्हणजे दादा) मला बारीक कानस हातात देऊन हे दाखवलं होतं. पोटाच्या धारेवर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, काउडीजवळ मात्र तिने पोलाद पकडलं. तुमच्या खुकुरीवर ही परीक्षा करायची असेल तर एकदाच, हलक्या हाताने करा.

2. तीन आकार हातांनी समजून घ्या

दोन्ही हातांची बोटं टोकाशी जुळवा आणि मनगटं थोडी लांब ठेवा, नमस्कार अर्धवट सोडल्यासारखी. बोटांची टोकं म्हणजे धार, मनगटं म्हणजे पाठ.

बोटं बाहेरच्या बाजूला कमळाच्या कळीसारखी फुगवा. हा फुगीर आकार. कडेपासून जाडी झपाट्याने वाढते आणि मग वाढीचा वेग मंदावतो. हाताने, कानशीने घडवलेल्या गावठी खुकुऱ्यांत हा सगळ्यात जास्त भेटतो.

बोटं ताठ करा, कौलारू छपराच्या दोन उतारांसारखी. हा सपाट आकार. जाडी सगळीकडे सारख्या वेगाने वाढते.

आता बोटं आतल्या बाजूला झोळीसारखी वाकवा. हा खोलगट आकार. कडेमागे बराच वेळ पातं पातळच राहतं आणि मग एकदम जाड होतं. जुन्या लष्करी घाटाच्या कित्येक खुकुऱ्या अशा असतात.

चौथा प्रकार खरं तर जोडणी आहे. वरच्या कुठल्याही आकाराच्या शेवटी, अगदी कडेला, एक-दीड मिलिमीटर रुंदीचा वेगळा, जास्त उभा उतार काढलेला असतो. मी त्याला दुहेरी उतार म्हणतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला असतो तसा. उजेडात कडेलगत एक चकचकीत बारीक रेघ दिसली की हा आहे असं समजा. नव्या, निर्यातीसाठी केलेल्या मालात तो खूप दिसतो, कारण यंत्रावर झटपट होतो.

इथे नवशिक्याची पहिली मोठी फसगत होते. खुकुरीच्या गालावर, म्हणजे पात्याच्या रुंद बाजूवर, पाठीजवळ लांबट खोबणी असतात. त्यांना चिर्रा म्हणतात. तीन असतील तर तीन चिर्रा. काही पात्यांवर पाठीच्या बाकाजवळ एकच रुंद खोलगट भाग असतो, तो अंगखोला. या खोबणी वजन कमी करतात. धारेच्या आकाराशी त्यांचा संबंध नाही. तीन चिर्राची खुकुरी बघून 'ही खोलगट' असं म्हणणारे दुकानदारसुद्धा मला भेटले आहेत. चिर्रा वर, धार खाली. तुम्ही फक्त खालचं बघा.

3. पट्टी आणि उजेडाची परीक्षा

ही परीक्षा दुकानात उभ्या उभ्या करता येते, आणि एवढी एकच शिकलात तरी पुष्कळ झालं.

खुकुरी खिडकीकडे धरा. स्टीलची पट्टी स्वतःच्याच कडेवर उभी करून पात्याच्या गालावर टेकवा, धारेपासून पाठीकडे जाणारी, पोटाच्या सगळ्यात रुंद जागी. आता पट्टी आणि पोलाद यांच्यामधून येणारा उजेड बघा.

फुगीर पात्यावर पट्टी एका जागी टेकते आणि दोन्ही टोकांना फट दिसते. बोटाने दाबलं तर पट्टी ढेकळावर ठेवलेल्या फळीसारखी डुलते. सपाट पात्यावर उजेड येत नाही, किंवा सगळीकडे केसाएवढा सारखा येतो. खोलगट पात्यावर पट्टी दोन टोकांना टेकते आणि मधे उजेडाची चंद्रकोर दिसते.

माझ्या भोजपूरच्या खुकुरीवर, ती बिघडण्याआधी, पट्टी अशी डुलायची हे मला आठवतं. तेव्हा मी त्याला कारागिराच्या हातातली उणीव समजलो होतो. 'सरळ नाही' असं मनात आलं होतं. हाताने काम करणाऱ्या माणसाने राखलेला फुगवटा मला चुकीचा वाटला, आणि तो सपाट झाल्यावर मी धारवाल्याला पैसे दिले. तुमच्या हातून हे होऊ नये, एवढ्यासाठी इतकं सविस्तर लिहितो आहे.

परीक्षा तीन जागी करा: काउडीपासून दोन बोटं पुढे, पोटावर, आणि टोकापासून दोन बोटं मागे. तिन्ही उत्तरं वेगळी आली तर गोंधळू नका. पोटावर फुगीर आणि टोकाकडे जवळजवळ सपाट, असं मिश्रण हाताच्या कामात नेहमी असतं.

4. मोजून खात्री करा

घरी आल्यावर वही घ्या. पात्याच्या पोटावर धारेपासून 2, 5, 10 आणि 20 मिलिमीटरवर मार्करने बारीक खुणा करा. प्रत्येक खुणेवर व्हर्नियरच्या जबड्याच्या टोकांनी जाडी मोजा. उतारावर जबडा घसरतो, म्हणून प्रत्येक जागी तीनदा मोजून मधला आकडा घ्या. धार तुमच्याकडे येणार नाही अशी खुकुरी टेबलावर टेकवून ठेवा. हातात अधांतरी धरून मोजू नका.

माझ्याकडे आता तीन आहेत. त्यांचे आकडे असे:

- भोजपूरची दुसरी, फुगीर: 1.0, 2.1, 3.5, 5.8 मिलिमीटर
- सिरुपाते, सपाट आणि कडेला दुहेरी उतार: 0.8, 1.4, 2.4, 4.4
- लष्करी घाटाची, खोलगट: 0.5, 1.0, 2.1, 5.3

(सिरुपाते म्हणजे सिरु गवताच्या पानासारखी लांब आणि अरुंद.)

आकडे वाचायची पद्धत अशी. प्रत्येक टप्प्यात एका मिलिमीटरमागे जाडी किती वाढली, ते काढा. भोजपूरच्या पात्यात पहिल्या 2 मिलिमीटरमध्ये दर मिलिमीटरला 0.5 वाढ, मग 0.37, मग 0.28, मग 0.23. वाढ उतरत गेली, म्हणून फुगीर. सिरुपातेमध्ये कडेचा पहिला तुकडा सोडला की 0.2, 0.2, 0.2. वाढ स्थिर, म्हणून सपाट. तिसरीत कडेनंतर 0.17, 0.22, 0.32. वाढ चढत गेली, म्हणून खोलगट.

मी सुरुवातीला नुसती जाडी भागिले अंतर करायचो, आणि सिरुपातेला महिनाभर फुगीर समजत होतो. कडेचा दुहेरी उतार पहिल्या आकड्याला फुगवतो, मग पुढचे सगळे भागाकार उतरते दिसतात. टप्प्याटप्प्याची वाढ काढली की ही चूक होत नाही.

कडेचा कोन हवा असेल तर एवढा हिशेब पुरतो: 2 मिलिमीटरवरची जाडी भागिले 2, गुणिले 57. भोजपूरच्या खुकुरीचा दोन्ही बाजू मिळून सुमारे 28 अंश येतो, खोलगट खुकुरीचा 14 च्या आसपास. याच जागी दोघींच्या स्वभावातला फरक दिसतो. अगदी शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये कोन याहून मोठा असतो, तो व्हर्नियरच्या आवाक्यात नाही, भिंगाखाली बघायचा.

5. लाकडावर तुलना

प्रत्येक तुलनेत एकच झाड, एकाच जाडीची फांदी, एकच हात. मी तीन गोष्टी घेतल्या: ओला सुबाभूळ, वाळलेली बाभूळ आणि हिरवा बांबू.

ओल्या सुबाभळीवर फुगीर पात्याने ढलपी उडवली आणि पातं लगेच सुटलं. फुगवटा लाकडाला दोन्हीकडे ढकलतो, लाकूड गालाच्या फक्त एका पट्ट्याला टेकतं, म्हणून पातं अडकत नाही. सपाट सिरुपाते आत शिरली छान, पण गाल पूर्ण लाकडाला चिकटले, आणि दर तीन-चार घावांनी ती हलवून सोडवावी लागली. खोलगट पातं सुरुवातीला सगळ्यांत खोल गेलं आणि जिथे पातं एकदम जाड होतं तिथे धक्का बसून थांबलं. हाताला तो धक्का स्पष्ट जाणवतो.

बांबूवर चित्र उलटं. खोलगट आणि सपाट पात्यांनी तिरका काप एका घावात दिला. फुगीर पात्याने बांबू कापला, पण काठ चेपला.

वाळल्या बाभळीच्या गाठीवर मी खोलगट पातं दुसऱ्यांदा मारलं नाही. पहिल्याच घावानंतर भिंगाखाली कडेवर दोन बारीक टवके दिसले. फुगीर धारेला काही झालं नव्हतं. कडेमागे पोलाद भरलेलं असलं की गाठीचा मार ते वाटून घेतं.

एक काळजी घ्या. माझी भोजपूरची खुकुरी 480 ग्रॅमची आहे, सिरुपाते 340 ची. वजन वेगळं असताना 'इतक्या घावांत फांदी तुटली' हे मोजून धारेबद्दल काही ठरवता येत नाही. कापाचा चेहरा बघा, पातं अडकतं का बघा, आणि कामानंतर कड भिंगाखाली बघा.

6. मग कुठली घ्यावी

शेतावर फांद्या छाटणं, सरपण फोडणं, नारळ सोलणं असं मिश्र काम असेल तर फुगीर घ्या, दुसरा विचार नको. बांबू, केळ, झुडपं, कोवळ्या फांद्या यांच्यासाठी सपाट आणि हलकी. खोलगट मी नवीन माणसाला सुचवत नाही. ती सुंदर कापते, पण हात बसलेला हवा आणि लाकूड ओळखता यायला हवं. नेपाळच्या डोंगरात घरोघरी एकाच खुकुरीने सरपणापासून दसैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) बोकडापर्यंत सगळं होतं, आणि ती बहुतेक वेळा फुगीरच असते.

7. आकार न मोडता धार लावणं

सपाट दगडावर फुगीर पातं घासलं की फुगवटा जातो. शिवाय काउडीपुढची आत वळलेली धार सपाट दगडाला टेकतच नाही. दगडाच्या कडा तिथे घासून खड्डा पाडतात. म्हणून दोन मऊ साधनं वापरायची.

(अ) मार्कर. धारेलगतची 5 मिलिमीटर पट्टी दोन्ही बाजूंनी काळी करा. घासताना रंग कुठून जातो ते तुमचा खरा गुरू.

(आ) पोट. माऊस पॅड टेबलाच्या कडेला ठेवून त्यावर 320 चा वॉटर पेपर पसरा, थोडं पाणी शिंपडा. पातं कागदावर जवळजवळ आडवं ठेवा, पाठ थोडी उचला. आता पाठ पुढे, धार मागे अशा दिशेने ओढा. धार पुढे ढकललीत तर कागद कापला जाईल. पॅड दबतो आणि कागद फुगवट्याभोवती वळतो. हात हलका ठेवा. जोर दिला की कागद कडेवर चढून तिला गोल करतो. दहा वेळा ओढा आणि मार्कर बघा. रंग फक्त वरच्या भागातून गेला असेल तर पाठ किंचित आणखी उचला. फक्त अगदी कडेचा गेला असेल तर खाली करा. कडेपासून मागे 3-4 मिलिमीटरपर्यंत रंग हळूहळू विरत गेला पाहिजे.

(इ) आतला बाक. गोल दांड्याला तोच कागद गुंडाळा. खुकुरी टेबलावर पक्की दाबून, धार तुमच्यापासून लांब ठेवून, दांडा काउडीच्या पुढून पोटाकडे फिरवत न्या. काउडीच्या आत कागद जाऊ देऊ नका.

(ई) बर. एका बाजूने पुरेसं घासलं की पलीकडच्या कडेवर पोलादाची केसाएवढी उलटलेली किनार येते. कारखान्यात तिला बर म्हणतात. नखाने कडेपासून बाहेरच्या दिशेने हळूच ओढलं तर ती अडकते. ही पूर्ण लांबीवर आल्याशिवाय बाजू बदलू नका. नवीन माणूस नेहमी इथे घाई करतो, दोन-दोन वेळा बाजू बदलत राहतो, आणि तासाभराने विचारतो धार का येत नाही.

(उ) मग 600, मग 1000. प्रत्येक नंबरला हात आधीपेक्षा हलका. शेवटी चामड्याच्या पट्ट्याच्या खरखरीत बाजूला हिरवं कंपाउंड चोळून दोन्हीकडे वीस-वीस वेळा, पाठ पुढे ठेवूनच.

दुहेरी उताराच्या खुकुरीला तुम्ही साधा दगड वापरू शकता, पण मी तीही माऊस पॅडवरच करतो. तीन-चार वेळा धार लावली की कडेची रेघ आपोआप मावळते आणि दुहेरी उताराची फुगीर धार होते. लाकडाच्या कामाला ती बरीच टिकते.

रोजच्या वापरात एवढं सगळं लागत नाही. काम झाल्यावर चकमक कडेला जवळजवळ आडवी लावून पाठीकडून धारेकडे पाच-सहा वेळा दाबून फिरवा. वळलेली धार सरळ होते. खुकुरीची कड जपानी स्वयंपाकाच्या सुऱ्यांइतकी ठिसूळ नसते, म्हणून हे साधतं. कोकणात कोयता परजणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

आणि वेगाने फिरणाऱ्या चाकावर खुकुरी देऊ नका. पोलादावर निळा रंग साधारण 300 अंश सेल्सियसला येतो, आणि चाकावर पातळ कड काही क्षणांत तिथे पोहोचते. निळा दिसला की तिथलं पाणी गेलं. नुसता रंग घासून काढल्याने कडकपणा परत येत नाही. मऊ झालेला भागच काढावा लागतो. माझ्या पहिल्या खुकुरीचं मी तेच केलं. तीन रविवार कानस आणि कागद. पात्याची रुंदी जवळजवळ 3 मिलिमीटर कमी झाली.

8. घेताना काय तपासायचं

आरशासारखी चमक बघून भुलू नका. चमक चढवतानाच पाती तापतात आणि फुगवटे घासले जातात. चमक नसलेलं, कानशीच्या रेघा दिसणारं पातं मिळालं तर ते आधी हातात घ्या. धारेकडून पाठीकडे एका डोळ्याने बघा: कड एका सरळ रेषेत, पात्याच्या बरोबर मध्यावर हवी. पट्टीची परीक्षा करा. नखाने पात्यावर टिचकी मारा, स्वच्छ आवाज यावा. बद्द आवाज आला तर मूठ ढिली आहे किंवा पात्यात चीर आहे. काही दुकानं धार न लावता देतात. हे चांगलंच, आकार शाबूत असतो.

भोजपूर, धरान, धनकुटा या पूर्वेकडच्या भागात अजूनही प्रत्यक्ष कारागीर बघून घेता येतं. काठमांडूच्या ठमेलमध्ये निवड जास्त आहे आणि भाव करावा लागतो. शक्य असेल तर कामीदाइंना विचारा, 'धार फुगीर ठेवाल का?' हाताने आकार दाखवा, वर सांगितलेल्या जोडलेल्या हातांसारखा. भाषा आली नाही तरी ते लगेच ओळखतात.

9. कागदपत्रं आणि कायदा

- दुकानाचं बिल, त्यावर पात्याची लांबी आणि वापर लिहून घ्या.
- पातं जुनं असेल तर जपून. 100 वर्षांहून जुन्या वस्तू नेपाळबाहेर न्यायला तिथल्या पुरातत्त्व विभागाची मंजुरी लागते. नव्या पण जुन्यासारख्या दिसणाऱ्या मालाबाबत बिलावर 'नवीन' असं स्पष्ट लिहून घ्या.
- विमानात केबिनमध्ये कधीच नाही. फक्त चेक-इन सामानात, म्यानासकट पुठ्ठ्यात गुंडाळून, आणि आधी विमान कंपनीला विचारून. सीमेवर कस्टमला स्वतःहून सांगा.
- भारतात शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांच्या यादीत खुकुरीचं नाव घेतलेलं आहे. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 4 खाली जिथे अधिसूचना लागू आहे तिथे अशा पात्यांना परवाना लागतो. माझ्या तिन्ही खुकुऱ्या मी 9 इंच आणि 2 इंचांच्या आत निवडल्या, ते याचसाठी. मोठी घ्यायची असेल तर आधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारा.
- महाराष्ट्रात सण-निवडणुकांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. त्या दिवसांत शेतावर न्यायची असली तरी गाडीत ठेवू नका.

10. पावसाळा

कमानपाट्याचं पोलाद गंजतं, आणि आपल्याकडे मुळशीत काय किंवा सिंधुदुर्गात काय, जूनमध्ये एका रात्रीत कडेवर तांबूस ठिपके येतात. गंजाने आधी धारच बिघडते, कारण तिथे पोलाद सगळ्यात पातळ. नेपाळात पात्याला तोरीचं, म्हणजे मोहरीचं तेल पुसायची पद्धत आहे. रोज वापर असेल तर ते चालतं, पण महिनोन्महिने ठेवायची असेल तर चिकट थर होतो, म्हणून मी मशीनचं तेल लावतो. चामड्याचं म्यान ओल धरून ठेवतं. चार महिने खुकुरी दापाबाहेर ठेवा, तेल लावून सुती फडक्यात गुंडाळून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलपात. दाप शेजारीच, तोंड उघडं ठेवून. पंधरा दिवसांनी एकदा काढून बघा, आणि ठिपका दिसला तर 1000 च्या कागदाने, पाठ पुढे ठेवून, दोनच वेळा ओढा.